लग्न दोघांचं, अर्ज एकाचा

टेक्ससमध्ये लग्न करायचं तर आधी काउंटी क्लार्ककडून परवाना घ्यावा लागतो. शुगर लँड हे शहर फोर्ट बेंड काउंटीत येतं आणि या काउंटीचं मुख्य ठाणं आहे रिचमंड. परवाना मिळाला की ७२ तास थांबायचं आणि परवान्याच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत लग्न लावायचं. वधूवरांपैकी कोणाचा पासपोर्ट कुठला, कोण कोणत्या व्हिसावर आलेलं आहे, याच्याशी परवान्याचा संबंध नाही. लग्न लागतं ते टेक्सस राज्याच्या कायद्याने. त्या लग्नाच्या आधारावर अमेरिकेत राहता येईल का, हे ठरतं संघराज्याच्या वेगळ्या कायद्याने, आणि त्याचा हिशोब वर्षांमध्ये चालतो.

‘सिटिझनशी लग्न झालं की सिटिझनशिप मिळते,’ हे वाक्य पुण्या-नाशिकच्या घरांमध्ये स्थळं बघताना सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. अमेरिकी पुरुषाशी लग्न केल्याबरोबर परदेशी स्त्रीला आपोआप नागरिकत्व मिळण्याची पद्धत २२ सप्टेंबर १९२२ रोजी कायद्याने संपली. आज लग्नामुळे एक हक्क तयार होतो, आणि तोही अमेरिकेत राहू इच्छिणाऱ्या माणसाचा नसतो. तो असतो त्याच्या नागरिक जोडीदाराचा: ‘माझ्या नवऱ्याला’ किंवा ‘माझ्या बायकोला इथे राहू द्या’ असा अर्ज सरकारकडे करण्याचा हक्क. अर्ज करायचा की नाही, कधी करायचा, आणि केलेला अर्ज मंजुरीपूर्वी मागे घ्यायचा का, हे सगळं त्या एकाच माणसाच्या हातात राहतं. या विषयातले बहुतेक प्रश्न, बहुतेक दुःखं आणि गेल्या ३५ वर्षांतल्या बहुतेक कायदेशीर सुधारणा या एका गोष्टीभोवती फिरतात. त्यामुळे विषयात शिरताना ती आधी नीट समजून घेतलेली बरी.

शुगर लँड ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला आहे. नाव साखरेवरून आलेलं. इम्पीरियल शुगर कंपनीची इथली रिफायनरी २००३ साली बंद झाली. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ लाख ११ हजारांच्या घरात भरली आणि त्यातले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक आशियाई वंशाचे होते. तेल कंपन्या, टेक्सस मेडिकल सेंटरमधली रुग्णालयं, सॉफ्टवेअर यांत काम करणारी भारतीय कुटुंबं इथे चाळीसेक वर्षांपासून येत राहिली. शेजारच्या स्टॅफर्डमध्ये २००४ साली स्वामिनारायण मंदिर उघडलं. शुगर लँडच्या अष्टलक्ष्मी मंदिरात २०२४ साली ९० फूट उंचीची हनुमानाची मूर्ती उभी राहिली. ह्यूस्टनचं महाराष्ट्र मंडळ या सगळ्या उपनगरांतल्या मराठी माणसांना गणपती-दिवाळीला एकत्र आणतं. अशा वस्तीत ‘लोकल माणसाशी लग्न’ याचा अर्थ गोऱ्या किंवा मेक्सिकन माणसाशी लग्न एवढाच उरत नाही. इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली देशपांड्यांची मुलगीही ‘लोकल’च असते, आणि साताऱ्याहून आलेल्या इंजिनिअरच्या दृष्टीने ती अमेरिकन नागरिक असते.

लग्नातून येणारा कागदांचा प्रश्न इथल्या मराठी घरांत साधारण तीन वाटांनी येतो. पहिली वाट जुनी आहे: महाराष्ट्रातून सून किंवा जावई आणायचा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनांत तरुणांच्या भेटीगाठींचे कार्यक्रम होतात, तरी मुंबई-पुण्याचं स्थळ बघण्याची पद्धत संपलेली नाही. दुसरी वाट आहे एच-१बी व्हिसावर आलेल्यांची. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांवर देशवार मर्यादा आहे. एका देशात जन्मलेल्यांना एका वर्षात साधारण ७ टक्क्यांहून जास्त कार्डं मिळत नाहीत, मग तो देश भारत असो की आइसलँड. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. नागरिकाच्या नवऱ्या-बायकोला मात्र १९६५ च्या कायद्यापासून संख्येची मर्यादाच नाही. एकाच कचेरीत शेजारी बसणाऱ्या दोन मराठी मुलांपैकी एक १५ वर्षं रांगेत, आणि दुसऱ्याच्या हातात लग्नानंतर एक-दोन वर्षांत कार्ड, असं घडतं ते यामुळे.

तिसरी वाट सगळ्यांत कमी बोलली जाते. आईवडिलांबरोबर तीन-चार वर्षांची असताना आलेली, फोर्ट बेंडच्या शाळांत वाढलेली, मराठी तोडकं आणि इंग्रजी टेक्सन ढंगाचं बोलणारी मुलं एकविसाव्या वर्षी एच-४ या आश्रितांच्या व्हिसातून बाहेर पडतात. आईवडिलांच्या रांगेचा त्यांना उपयोग राहत नाही. त्यांना विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, नाहीतर जो देश धड आठवतही नाही तिथे परत जावं लागतं. अशा वेळी घरातलं, ओळखीतलं कोणीतरी प्रेमानेच सांगतं, ‘एखादी सिटिझन मुलगी बघ.’ विशीतल्या मुलामुलींनी जोडीदार निवडताना डोक्यावर व्हिसाची तारीख टांगलेली असणं, हा त्यांच्यावर होणारा अन्याय आहे. तो लग्नाच्या कायद्याने केलेला नाही. रांगेच्या कायद्याने केलेला आहे. पण त्याचं ओझं लग्नावर येऊन पडतं.

आजचा कायदा इतका एका हाताला का बांधलेला आहे, हे कळायला दीडशेहून जास्त वर्षं मागे जावं लागतं. १८५५ च्या कायद्याने अमेरिकी पुरुषाची परदेशी बायको लग्नाबरोबर अमेरिकी होत असे. १९०७ साली त्याची दुसरी बाजू लिहिली गेली: अमेरिकी स्त्रीने परदेशी पुरुषाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व जाणार. १९१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उचलून धरला. बायकोचा देश म्हणजे नवऱ्याचा देश, एवढा सरळ तो विचार होता. १९२० साली स्त्रियांना मताधिकार मिळाला, आणि १९२२ च्या केबल कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करूनही अमेरिकी स्त्रीला आपलं नागरिकत्व राखता येऊ लागलं. मात्र त्यात एक अपवाद ठेवला होता. नवरा ‘नागरिकत्वास अपात्र’ वंशाचा असेल तर तिचं नागरिकत्व जाणारच.

भारतीय अपात्र आहेत का, याचा निकाल पुढच्याच वर्षी लागला. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नाहीत असं ठरवलं. सरकारने लगेच, आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व रद्द करण्याचे खटले सुरू केले. बंगाली क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशी १९२४ साली लग्न केलेल्या मेरी कीटिंग या जन्माने अमेरिकी बाई त्यात भरडल्या गेल्या. आपण देश नसलेल्या झालो आहोत, हे त्यांनी ‘द नेशन’ साप्ताहिकात १९२६ साली जाहीरपणे लिहिलं. कॅलिफोर्नियात शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांनी त्या काळात मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली. इम्पीरियल व्हॅलीत त्यांची पुढची पिढी वाढली. त्या लग्नांनी त्यांना संसार दिला, मुलंबाळं दिली; नागरिकत्व दिलं नाही.

या काळातला सगळ्यांत लक्षात राहणारा माणूस म्हणजे सखाराम गणेश पंडित. मुंबई इलाख्यातून गेलेले, लॉस एंजेलिसमध्ये १९१४ साली नागरिक झालेले आणि १९१७ पासून कॅलिफोर्नियात वकिली करणारे. थिंद यांच्या बाजूने काम केलेले हेच वकील. १९२० साली त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकी बाईशी लग्न केलं होतं. सरकारने नागरिकत्व काढून घेण्यासाठी त्यांच्यावरही दावा लावला, तेव्हा पंडितांनी न्यायालयापुढे आपल्या संसाराचाच हिशोब मांडला. अमेरिकेने आपल्याला नागरिक मानलं. त्या शब्दावर विसंबून आपण भारतातले हक्क सोडले, वकिलीचा व्यवसाय उभा केला, लग्न केलं. आता ते नागरिकत्व मुळातच नव्हतं असं ठरवलं तर सनद जाईल, आणि काहीही न करता लिलियनचंही नागरिकत्व जाईल. १९२६ साली अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला: १९१४ च्या निर्णयाविरुद्ध सरकारने तेव्हा अपील केलं नव्हतं, आता तो उकरता येणार नाही. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला आणि उरलेल्या भारतीयांवरचे असे दावे सरकारला सोडून द्यावे लागले. मराठी वाचकाने हा माणूस माहीत करून घ्यायला हवा. आज शुगर लँडमध्ये जे संसार कोणी प्रश्न न विचारता चालतात, त्यांच्यामागे अशा एका वकिलाची हट्टी लढाई आहे.

वंशाची अट केबल कायद्यातून १९३१ साली निघाली. भारतीयांना नागरिक होण्याची मुभा २ जुलै १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने आली, तीही वर्षाला शंभरांच्या कोट्यासह. कोट्यांची ही व्यवस्था १९६५ मध्ये मोडली. त्या कायद्यात नागरिकाचा जोडीदार, त्याची अविवाहित अल्पवयीन मुलं आणि एकवीस वर्षांवरच्या नागरिकाचे आईवडील यांना मर्यादेबाहेर ठेवण्यात आलं. आजही तेच चालू आहे. बायकोचा देश नवऱ्यावरून ठरवण्याची रीत संपली. पण एकाचं या देशात असणं दुसऱ्याच्या सहीवर ठेवण्याची सवय तेवढी टिकली.

सही होते आय-१३० या अर्जावर. १ एप्रिल २०२४ पासून त्याचं शुल्क कागदी अर्जाला ६७५ डॉलर आणि ऑनलाइन ६२५ डॉलर झालं. जोडीदार आधीच कायदेशीर मार्गाने अमेरिकेत आलेला असेल तर आय-१३० बरोबरच ग्रीन कार्डाचा अर्ज, आय-४८५, भरता येतो, त्याचे आणखी १,४४० डॉलर. जोडीदार भारतात असेल तर प्रकरण न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरमार्गे मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला येतं. तिसरा मार्ग के-१ हा वाग्दत्त व्हिसा: आधी अमेरिकेत यायचं आणि ९० दिवसांच्या आत अर्ज करणाऱ्याच माणसाशी लग्न करायचं. त्यासाठी दोघं गेल्या दोन वर्षांत एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. व्हिडिओ कॉलवर ठरलेलं स्थळ इथे अडकतं. ‘व्हिजिटर व्हिसावर जा, तिथेच लग्न करून टाका,’ हा सल्ला अनेक घरांत दिला जातो. तो धोक्याचा आहे. व्हिसा घेताना आणि विमानतळावर फिरायला चाललो असं सांगायचं आणि आल्यावर ९० दिवसांत लग्न करून राहायचं, तर ती दिशाभूल धरली जाऊ शकते आणि तिचा डाग आयुष्यभर पाठ सोडत नाही.

मराठी घरांची खास अडचण नावांची असते. मुलीच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर माहेरचं आडनाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव आणि आडनाव, आणि काही घरांत तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. घरच्यांना यात काहीच वावगं दिसत नाही. पण कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे या तीन वेगळ्या बाया असतात, आणि त्या एकच आहेत हे प्रतिज्ञापत्रांनी पटवावं लागतं. जुन्या पिढीतल्या किंवा खेड्यात जन्मलेल्यांची जन्मनोंद सापडत नाही. मग नगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने लग्नाची नोंदणी सक्तीची आहे. तरी हॉलचं बुकिंग, आहेर, हळद यांच्या गडबडीत ती मागे राहते, आणि नवरा टेक्ससला परतल्यावर दाखल्यासाठी सासरे-जावयांची धावपळ सुरू होते. साखरपुड्याच्या दिवशीच पासपोर्टप्रमाणे नावं ठरवून कागद गोळा करायला घेतले, तर पुढचे कित्येक महिने वाचतात.

एक कागद मात्र सगळ्यांनी दोनदा वाचावा असा आहे. आय-८६४, म्हणजे आर्थिक जबाबदारीचं प्रतिज्ञापत्र. दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्नाच्या पातळीवर जोडीदाराला सांभाळीन, असा करार नागरिक जोडीदार सरकारशी करतो. हा करार घटस्फोटाने संपत नाही. आलेली व्यक्ती नागरिक झाली, तिच्या कामाच्या ४० तिमाही भरल्या, ती कायमची देश सोडून गेली किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, तरच तो संपतो. आलेल्या जोडीदाराला या कागदाच्या बळावर न्यायालयात पैसे मागता येतात. नवविवाहितांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

मग मुलाखत. शुगर लँडच्या लोकांना ती ह्यूस्टनच्या उत्तर भागात, गिअर्स रोडवरच्या कचेरीत द्यावी लागते. कायद्याला हवं असतं एकच उत्तर: लग्न करताना दोघांचा एकत्र संसार करण्याचा हेतू होता का? १९७५ च्या एका निकालाने हे स्पष्ट केलं की पुढे संसार मोडला म्हणून आधीचा हेतू खोटा ठरत नाही. हेतू दाखवण्यासाठी मात्र लग्नाच्या अल्बमपेक्षा रोजच्या जगण्याचे कागद कामाला येतात: दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र बँक खातं, एकत्र भरलेलं करविवरण, विम्यात जोडीदाराचं नाव, विजेचं बिल. ठरवून झालेल्या लग्नात दोघांची ओळख चार महिन्यांची असू शकते. अधिकाऱ्याला ते ऐकून नवल वाटलं तरी हरकत नाही. आपलं लग्न कसं जमलं, कोणी जमवलं, पत्रिका कोणी पाहिली, हे आहे तसं सांगावं. शंका राहिलीच तर नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारले जातात. न्यूयॉर्कमधल्या सत्तरच्या दशकातल्या एका खटल्यावरून या मुलाखतीला ‘स्टोक्स’ हे नाव पडलं.

हा संशय हवेतून आलेला नाही. मे २०१९ मध्ये नैर्ऋत्य ह्यूस्टनमधून, म्हणजे शुगर लँडच्या जवळून, चालणारी खोट्या लग्नांची टोळी पकडली गेली. आरोपपत्रात ९६ माणसं आणि २०६ आरोप होते. ग्रीन कार्डासाठी प्रत्येकाकडून ५० ते ७० हजार डॉलर घेतले जात, असं सरकारने म्हटलं. ‘नवरा-बायको’ एकत्र राहत नव्हते, आणि थाटामाटात लग्न झाल्यासारखे दिसणारे अल्बमसुद्धा बनवून दिले जात. खोट्या लग्नाला ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. त्याहून जड शिक्षा अशी की त्या व्यक्तीसाठी पुढे कधीही, खऱ्या लग्नानंतरसुद्धा, अर्ज मंजूर होत नाही. इथे दया-माया नाही, आणि ‘फक्त कागदापुरतं’ म्हणणाऱ्या एजंटच्या नादी कोणी लागू नये.

तरीही संशयावर उभारलेल्या कायद्याने खऱ्या संसारांचं किती नुकसान केलं, हेही सांगितलं पाहिजे. १९८५ साली इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांनी सिनेटसमोर सांगितलं की अशा लग्नांपैकी ३० टक्के खोटी असतात. त्या आकड्याच्या जोरावर नोव्हेंबर १९८६ मध्ये कायदा झाला: लग्नाला दोन वर्षं पूर्ण होण्याआधी मिळालेलं ग्रीन कार्ड सशर्त असेल, दोन वर्षांनी संपेल, आणि ते पक्कं करण्यासाठी नवरा-बायकोने मिळून पुन्हा अर्ज करायचा. तो आय-७५१. पुढे एका खटल्यात तो आकडा सिद्ध झालेल्या फसवणुकीचा नव्हता, संशयाचा होता, हे उघड झालं. आकडा पडला, कायदा राहिला. दोन वर्षं दुसऱ्या सहीची वाट बघणाऱ्या बाईला घरात मारहाण होत असेल तर तिने काय करायचं, याचं उत्तर १९८६ च्या कायद्यात नव्हतं. घटस्फोट घेतला असेल तरी, पुढाकार तिचा असला आणि तिच्याकडे सबळ कारण असलं तरच सूट. नवऱ्याने आधी अर्ज टाकला की तीही गेली.

१९९० मध्ये हे बदललं. छळ किंवा क्रूरता झाली असेल, किंवा प्रामाणिकपणे केलेलं लग्न मोडलं असेल, तर एकटीला अर्ज करता येऊ लागला. १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने त्याही पुढचं पाऊल टाकलं: नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराकडून छळ होत असेल तर आय-१३० साठी त्याच्या सहीची गरजच नाही, पीडित व्यक्ती स्वतःसाठी स्वतःच अर्ज करू शकते. नाव स्त्रियांचं असलं तरी पुरुषांनाही तो लागू आहे. या अर्जाची माहिती छळ करणाऱ्या जोडीदाराला देण्यास खात्याला कायद्याने मनाई आहे. ‘तुला परत पाठवीन,’ ही धमकी आजही शुगर लँडच्या बंद दारांमागे दिली जाते. ती ऐकणाऱ्या प्रत्येक सुनेला हा कायदा माहीत असायला हवा. ह्यूस्टनमध्ये १९९६ पासून ‘दया’ ही संस्था दक्षिण आशियाई कुटुंबांतल्या हिंसाग्रस्तांसाठी काम करते. महाराष्ट्रातल्या आईवडिलांनी मुलीच्या सामानात मसाल्याच्या डब्याबरोबर या संस्थेचा नंबर लिहून द्यावा. ती तरतूद अशुभ समजायचं कारण नाही.

नागरिक जोडीदाराचा मृत्यू हाही असाच अंधारा कोपरा होता. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी तो गेला तर अर्जही त्याच्याबरोबर संपायचा, आणि शोकात असलेल्या विधवेला देश सोडायला सांगितलं जायचं. ऑक्टोबर २००९ मध्ये तो नियम गेला.

भारताच्या न्यायालयांना हा विषय दुसऱ्या टोकाकडून भेटला. नवरा अमेरिकेत, बायको इथे व्हिसाची वाट बघत, आणि एक दिवस टपालाने परदेशी न्यायालयाची नोटीस. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मिसुरी राज्यात घेतलेला एक घटस्फोट मान्य करायला नकार दिला. ज्या कायद्याने लग्न लागलं त्याच्या कारणांशिवाय आणि बायकोच्या खऱ्या सहभागाशिवाय दिलेला निकाल इथे चालणार नाही, असं सांगितलं. १९९४ च्या आणखी एका प्रकरणात, अमेरिकेला जायचं म्हणून नोकरी सोडलेल्या बाईच्या बाबतीत, न्यायालयाने अशा बायकांसाठी संसदेने वेगळा कायदा करावा असं सुचवलं. अनिवासी भारतीयांच्या लग्नांच्या नोंदणीचं विधेयक राज्यसभेत आलं ते २०१९ साली. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २८७ व्या अहवालात पुन्हा सर्वंकष कायद्याची शिफारस केली. तीस वर्षं एका शिफारशीला फार होतात. टेक्ससमध्ये घटस्फोटाचा अर्ज करायला राज्यात सहा महिने आणि काउंटीत ९० दिवस राहिलेलं असणं पुरतं, आणि अर्जानंतर साठ दिवस उलटले की निकाल लागू शकतो. भारतात अडकलेल्या बायकोचा व्हिसा एवढ्या वेळात बहुधा येत नाही.

समलिंगी जोडप्यांसाठी दार जून २०१३ मध्ये उघडलं, सर्वोच्च न्यायालयाने संघराज्याला त्यांची लग्नं मानायला लावली तेव्हा. टेक्ससमध्ये ती लग्नं लावता येऊ लागली जून २०१५ पासून. भारतात ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही अशा लग्नाची नोंद होत नाही. म्हणून पुण्यातल्या जोडीदाराला आणायचं तर के-१ व्हिसा, किंवा जिथे लग्न मान्य आहे अशा देशात जाऊन लग्न, एवढेच रस्ते उरतात.

आणि हे सगळं करूनही हक्क किती पक्का? जून २०२४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की परदेशी जोडीदाराला देशात आणणं हा नागरिकाचा घटनादत्त मूलभूत हक्क नाही. प्रकरण लॉस एंजेलिसमधल्या एका वकील बाईंचं होतं. नवऱ्याला एल साल्व्हाडोरमध्ये व्हिसा नाकारलेला. लग्न करायचा हक्क आहे. ते लग्न अमेरिकेत जगण्याचा हक्क कॉन्सुलेटच्या खिडकीवर ठरतो. या निकालाचं वजन मराठी समाजाला अजून पुरतं जाणवलेलं नाही.

सगळं सुरळीत पार पडलं तर नागरिकत्वाची वेळ येते. इतर ग्रीन कार्डधारकांना पाच वर्षं थांबावं लागतं. नागरिकाच्या जोडीदाराला तीन. अट अशी की ती तीन वर्षं दोघं एकत्र संसार करत असावेत आणि जोडीदार तेवढा काळ नागरिक असावा. मधेच घटस्फोट झाला तर ग्रीन कार्ड जात नाही, मात्र थांबणं पाच वर्षांचं होतं. शपथ घेतली की भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातल्या नवव्या कलमाने भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासात पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक, हे कार्ड घ्यायचं. मतदान गेलं, वारशाने आलेली शेतजमीन सातबाऱ्यावर राहते, नवी विकत घेता येत नाही. शपथेच्या आधी गावाकडच्या भावंडांबरोबर बसून हे बोललेलं चांगलं.

याच आरशात भारताचा कायदाही बघावा लागेल. मराठी घरात लग्न करून आलेल्या परदेशी जोडीदाराला भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करायला सात वर्षं इथे राहावं लागतं. तोवर ओसीआय कार्डाचा आधार असतो. तो लग्न नोंदवून दोन वर्षं टिकल्यावर मिळतो. घटस्फोट झाला तर जोडीदार म्हणून दिलेलं हे कार्ड सरकार रद्द करू शकतं. छळामुळे घर सोडलेल्या परदेशी सुनेला स्वतःच्या नावाने अर्ज करता यावा, अशी १९९४ च्या अमेरिकी कायद्यासारखी तरतूद आपल्या नागरिकत्व कायद्यात अजून नाही.